गुहेतल्या टाचा

३ मार्च

प्रिय मावशी,

फोन सोडून पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस आणि मला तुझा होकार हवा आहे, म्हणून हा उद्योग.

झालंय असं, की आमच्या संग्रहालयाकडे एक गुहा आली आहे. टेकडीत दगडाची खाण चालू होती, तिथली एक भिंत ढासळली आणि मागे भुयार निघालं. अगदी आतल्या दालनात जमिनीवर चिकणमाती आहे आणि त्या मातीत माणसांच्या पावलांचे ठसे आहेत. मावशी, काल संध्याकाळी कुणी चालून गेलं असावं इतके स्वच्छ! पण ती माणसं चालली तेव्हा शेती नव्हती, गावं नव्हती, चाकसुद्धा नव्हतं. नंतर गुहेचं तोंड बुजलं, आत ना वारा गेला ना पाणी, म्हणून ठसे जसेच्या तसे राहिले.

माझं काम मोजायचं. लांबी, रुंदी, खोली, सगळं मोजून झालं. आकड्यांचा ढीग पडलाय आणि अर्थ काही लागत नाही. एक मोठं माणूस आत आलंय, एवढं दिसतं. दालनाच्या मध्यावर त्याची पावलं संपतात आणि नुसत्या टाचा सुरू होतात. गोल गोल, टाचाच टाचा. बोटं नाहीत, चवडा नाही. त्यात भर म्हणून एक लहान मूल मधेच उगवतं. आत येतानाचं त्याचं एकही पाऊल नाही. छतातून टपकल्यासारखं एकदम मधोमध.

आमच्या साहेबांनी निकाल लावून टाकलाय. हे म्हणे दीक्षेचं नृत्य, मुलाला मोठ्यांत घेण्याचा विधी. मुखवटे घातलेले पुतळे करायला सांगून झालेत. दालनात ढोलाचा आवाज सोडायचा म्हणून भोंगे आलेत, ते माझ्याच टेबलाखाली ठेवलेत, पाय ठेवायला जागा नाही. साहेब तसे हुशार आहेत, माणूसही चांगला, पण डोक्यात एकदा काही बसलं की उठत नाही. मी म्हटलं, "माग काढणाऱ्या माणसाला एकदा दाखवू या का?" तर म्हणाले, "आणा की! मी कुठं नाही म्हणतो?"

आजोबांनी माग वाचायची आपल्या लोकांची विद्या ज्यांना दिली, त्यांत आता फक्त तूच आहेस. मला त्यातलं वासापुरतं येतं. येशील ना? मामाला मी काही कळवलेलं नाही आणि कळवणारही नाही.

तुझी
टिटवी

—

३ मार्च

प्रिय मामा,

कसा आहेस? तुझ्या खोलीखालच्या सायकलच्या दुकानातली ठोकाठोक अजून तशीच आहे का?

तुझ्याकडे एक काम आहे. एका गुहेत फार म्हणजे फारच जुने पावलांचे ठसे मिळालेत. एक मोठं माणूस आणि एक मूल. मोठं माणूस मधूनच नुसत्या टाचांवर चालायला लागतं. साहेब म्हणतात, नाच होता. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही आणि त्यामुळे ऑफिसात माझं तोंड बंद होतं.

पोलीस तुला जीपमधून न्यायचे आणि तू धुळीकडे बघून सांगायचास, की गडी डावरा आहे, घाईत होता, आणि त्याचे बूट त्याचे स्वतःचे नाहीत. ते आठवलं. आजोबांची विद्या आता फक्त तुझ्याकडे आहे, मामा. तूच ये.

मावशीला विचारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

तुझी
टिटवी

—

९ मार्च

चि. टिटवीला मावशीचे आशीर्वाद, आणि सोबत एक धपाटा.

धपाटा कशासाठी ते सांगते. 'फक्त तूच' हे शब्द तू इतके दाबून लिहिलेस की पान उलटं केलं तरी बोटाला लागतात. खरं लिहिताना हात एवढा जड होत नाही. तू काहीतरी लपवते आहेस. काय ते मी तिथं येऊन काढीनच, तोवर खुशाल लपव.

मी येते. न येऊन सांगते कुणाला? जंगल खात्यातून निवृत्त झाले तेव्हा साहेबलोकांनी मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. तेव्हापासून घड्याळ बघायचं आणि शेजारणीच्या कोंबड्या कोण पळवतं ते शोधायचं, एवढंच काम उरलंय. (तिचा जावईच. मी अजून सांगितलेलं नाही. तो रोज येऊन चोराला शिव्या घालतो, ते ऐकण्यात फार मजा आहे.)

माझ्या अटी ऐक. दिवा डोक्यावर नको. बाजूने, जमिनीलगत धरायचा, सकाळचं ऊन पडतं तसा. वरून उजेड टाकला की ठसा मरतो. माझ्या गुडघ्यांसाठी एक स्टूल लागेल. आणि मी वाचत असताना कुणी बडबडायचं नाही. आपल्यात ठशावर उभं राहून तोंड उघडत नाहीत. गवताच्या काडीने दाखवायचं, बोलायचं ते घरी जाऊन. लहानपणी एकदा मी हरणाच्या मागावर मधेच बोलले, तर तुझ्या आजोबांनी माझ्या पाठीत असा रट्टा घातला होता की हरीणसुद्धा दचकलं असेल.

शेवटची अट, तुझा मामा. तो तिथं दिसला तर मी आल्या गाडीने परत. तुला वाटत असेल, एका खेचरावरून कुणी इतकी वर्षं अबोला धरतं का? धरतं. खेचर आपल्या पायांनी गेलं होतं. दोरी लावून ओढलेलं जनावर मागे रेटतं, त्याच्या खुरांची पुढची कड उमटते ती वेगळी. तिथं तसं काही नव्हतं. तो म्हणाला, चोरीच आहे. गावासमोर मला म्हणाला, "भिंगरी, तू अजून कच्ची आहेस." खेचर परत आलं नाही, मग खरं-खोटं विचारणार कुणाला? तुझी आई होती तोवर तिच्या मार्फत आमचं बोलणं व्हायचं. ती गेली आणि तेही राहिलं.

गाडी कुठली ते कळव. खिडकी हवी.

तुझी मावशी

—

१२ मार्च

चि. टिटवी,

तुझं पत्र मिळालं. ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्यात म्हणून हसू नकोस. टेबलाचा एक पाय मोडलाय, आणि खाली हातोडा पडला की माझं अक्षर उडी मारतं.

येतो. मला फार आनंद झाला, पण म्हाताऱ्याने तो किती दाखवावा याला मर्यादा असते, म्हणून एवढ्यावर थांबतो.

काही गोष्टी विचारून ठेवतो. गुहेत पायऱ्या किती उंच आहेत? धरायला कठडा आहे का? ठशांचे प्लॅस्टरचे साचे केले असशील तर ते आधी माझ्या हातात दे. या वयात डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास बसतो. चष्म्याची काडी मोडलीय, त्यामुळे मी चष्मा आणणार नाही. उगाच काळजी करू नकोस आणि मला न्यायला कुणाला पाठवूही नकोस. आयुष्यभर दुसऱ्यांना वाटा दाखवल्या, मला कुणी हात धरून नेलेलं चालणार नाही.

भिंगरी कशी आहे, असं मी विचारत नाही. मध्ये तिला खोकला झाला होता असं कानावर आलं. तो गेला का, हेही मी विचारत नाहीये. पण तू आपणहून लिहिलंस तर वाचीन.

तुझा
मामा

—

१८ मार्च

प्रिय मामा,

मंगळवारी सकाळच्या पहिल्या गाडीने ये. थांब्यापासून गुहेपर्यंत पायवाट आहे. ओढ्याजवळ वळण लागतं, तिथं दगडावर हातभर लांब पिवळा बाण रंगवलाय, त्यामुळे चुकायचा प्रश्नच नाही. कठडा आहे. साचे तयार ठेवते. मात्र जेवणाआधी आपण उरकू, दुपारी मला मीटिंग आहे.

खोकला गेला म्हणतात. कोण म्हणतं ते विचारू नकोस.

टिटवी

—

१८ मार्च

प्रिय मावशी,

मंगळवारी दुपारच्या गाडीने ये. खिडकी मिळेल. सकाळी मात्र येऊ नकोस. सकाळी गुहेत विजेची दुरुस्ती आहे, धूळ असते, तुला खोकला होईल.

टिटवी

—

२९ मार्च

मावशी,

'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरून नाही.

मी खोटं बोलले हे मान्य. पण माझा बेत शास्त्राला धरून होता. दोघांनी एकमेकांना न विचारता वाचायचं आणि मी ताडून बघायचं. तू मात्र मुद्दाम सकाळचीच गाडी पकडलीस. बरं, पकडलीस तर पकडलीस. मला चार शब्द सुनवायचे होतेस. ते न करता तू आत आलीस, मामा ठशांभोवती टाकलेल्या फळ्यांवर कठडा धरून उभा होता, इतक्या वर्षांनी भावाला बघितलंस, आणि तोंड उघडलंस ते काय म्हणून? "दादा, आंधळा आहेस का?"

सगळ्यांसमोर, मावशी! साहेबांसमोर, फोटो काढणाऱ्यासमोर. आणि तेही एकदा म्हणून थांबली नाहीस.

"आंधळा आहेस का? त्या डाव्या पावलाची बाहेरची कड बघ. उजव्यापेक्षा बोटभर खोल. आत येताना प्रत्येक डावं पाऊल तसंच."

मामा बिचारा तुझं असं बोलणं ऐकून पांढरा पडला होता. हळूच म्हणाला, "मग डाव्या कडेवर काहीतरी होतं."

"काहीतरी काय? पोर होतं! पुढे बघ की. पोराचं पहिलं पाऊल उमटतं तिथून मोठ्या माणसाचं डावं-उजवं सारखं झालं. तिथं खाली ठेवलं त्याला."

तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करते. छतातून टपकलेलं मूल तुम्ही दोघांनी उभ्या उभ्या कडेवर नेऊन बसवलंत. पण तुझा आवाज! गुहा नुसती दणाणत होती. ठशावर उभं राहून बोलत नाहीत म्हणे! तुला श्वास घ्यायची फुरसत नव्हती.

"आता टाचा सुरू झाल्या. पोराची पावलं बघ, नाहीतर बघू नकोस, मीच सांगते. भिंतीकडे तोंड, बोटं मातीत रुतलेली, टाच उमटलेलीच नाही."

"पळालं," मामा म्हणाला. "दचकलं असेल. चांगलं चालणारं माणूस एकाएकी वाकडं चालायला लागलं."

"मग भिंतीपाशी दोन्ही पावलं शेजारी शेजारी, आपल्याकडे वळलेली."

"उभं राहून बघतंय."

"मग परत मध्यावर आलंय, आणि तिथून... दादा, तिथून छोट्या टाचा आहेत! बोटं नाहीत! मोठ्या टाचांच्या मागोमाग!"

मामा तेव्हा असा हसला की हातातला साचा पडता पडता वाचला. "नक्कल करतंय! भिंगरी, नक्कल करतंय ते पोर!" मला वाटलं, चला, आता मिटलं. पण तुम्ही दोघं कसले मिटवताय? मामा म्हणाला, ते मोठं माणूस म्हणजे बाईच, आणि आई नव्हे तर मावशी, कारण आई पोराला अंधारात खाली ठेवून असले चाळे करणार नाही. तू म्हणालीस, "एवढी रुंद टाच मावशीची? मामा आहे तो! बिनकामाचा मामा!" साहेबांनी विचारलं, "याला पुरावा काय?" तर तुम्ही दोघांनी एकदम माझ्याकडे बोट दाखवलंत. मला अजून कळलेलं नाही, मी कशाचा पुरावा आहे ते.

साहेबांचं मात्र मी कौतुक करीन. ते शांतपणे म्हणाले, "मोठं माणूस टाचांवर गोल फिरतंय, मूल त्याच्यामागे तसंच फिरतंय, बहुतेक हसतही असेल. याला तुमच्यात काय म्हणतात? आमच्यात याला नाच म्हणतात."

तुम्ही गेल्यावर मी आकडे पुन्हा काढले. तुम्हाला दोघांनाही न दिसलेली एक गोष्ट त्यांत आहे. टाचांच्या शेवटच्या फेरीत छोट्या टाचा नाहीत, आणि मोठ्या टाचा डावीकडून पुन्हा खोल झाल्यात. मूल दमलं आणि परत कडेवर चढलं. त्याला घेऊनच ते माणूस टाचांवर फिरलं.

हे तुला सांगायला पळत थांब्यावर आले, तर तू एका गाडीने निघून गेलेलीस आणि मामा दुसऱ्या गाडीची वाट बघत एकटाच बसलेला. त्याला एका शब्दाने विचारलं नाहीस, कसा आहेस म्हणून. मला तुझा राग आलाय.

आणि ठसे लांबून दाखवायचा माझा लाल ठिपक्याचा दिवा तुझ्या पिशवीत गेलाय. परत पाठव.

टिटवी

—

३ एप्रिल

चि. टिटवी,

दिवा पाठवणार नाही. गवताच्या काडीपेक्षा तो बरा आहे, आणि शेजारणीच्या मांजराला त्याचं वेड लागलंय.

आता रागाचं. तू ठसे मोजतेस, पण पायवाटेवरून रोज येतेस-जातेस तेव्हा खाली बघतेस का?

मी सकाळच्या दुसऱ्या गाडीने उतरले. आदल्या रात्रीच्या दवाने वाट ओली होती. दहा पावलं गेले आणि दिसलं, की तू काय लपवत होतीस. दादाची टाच मी झोपेत ओळखीन, उजवीकडून झिजलेली. मी मागे फिरणार होते. खरंच फिरणार होते, पिशवी खांद्यावर घेतलीसुद्धा. मग म्हटलं, एवढा आखूड का चालतोय हा? हा माणूस ढांगा टाकत चालायचा, त्याच्यामागे पळताना मला धाप लागायची. आता प्रत्येक दगडाआधी चवडा घासलेला. पाऊल टाकायच्या आधी चाचपल्यासारखा. काठीची भोकं पावलाच्या शेजारी नाहीत, पुढे आहेत, एकदा इकडे, एकदा तिकडे. काठी टेकायला नव्हती, शोधायला होती. आणि ओढ्याजवळचं तुझं ते वळण, हातभर लांब पिवळा बाण! तो बाण ओलांडून तो सरळ झुडपात गेला होता. तिथं गोल फिरला, काटे लागले असतील, मग पाण्याचा आवाज ऐकत परत वाटेवर आला.

टिटवे, त्याला दिसत नाही. उजेड-अंधार कळत असेल, फार तर माणसाचा आकार. आणि तो तुझ्या गुहेत ठसे वाचायला आला होता.

मी जरा दगडावर बसले. गुडघे दुखत होते म्हणून.

आत आले तर तो कठड्याला असा चिकटून उभा, मान वर, सगळे वाट बघताहेत याने आता काहीतरी सांगावं म्हणून. तुझे साहेब घड्याळ बघत होते. काय करायला हवं होतं मी? कानात जाऊन सांगू, की दादा, मी तुला ठसे सांगते? तो तिथल्या तिथे निघून गेला असता. म्हणून भांडले. भांडताना माणूस सगळं मोठ्याने आणि सविस्तर सांगतो, त्यात कुणाला नवल वाटत नाही. आणि 'आंधळा आहेस का' म्हटलं ते अगदी विचार करून म्हटलं. ज्याला दिसतं त्यालाच माणसं असं म्हणतात. मी तसं म्हटल्यावर कुणाच्या मनात शंका तरी आली का? तुझ्यासुद्धा आली नाही.

पुढचं सगळं त्याने वाचलंय, लक्षात घे. मी नुसती खोली सांगितली, कडेवर काहीतरी आहे हे तो म्हणाला. नक्कल हा शब्द त्याचा. विद्या जागेवर आहे, फक्त खिडकी बंद झालीय.

आता त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं. मोतीबिंदू असेल तर बरं होतं. पण मला कळलंय हे त्याला कळता कामा नये. काहीतरी युक्ती काढ. खोटं बोलायची तुला सवय आहेच.

आणि मुलाला परत कडेवर घेतलं, हे तू बरोबर काढलंस. मला दिसलं नव्हतं. आजोबा असते तर खूश झाले असते.

तुझी मावशी

—

५ एप्रिल

चि. टिटवी,

तू थांब्यावर माझ्याशेजारी बसून भिंगरीवर चिडलीस, तेव्हा मी गप्प राहिलो. आता सांगतो, पण तिला कळू देऊ नकोस.

माझी नजर गेली आहे. बराच काळ झाला. टेबलाचे चारही पाय धड आहेत, आणि तुझी पत्रं खालच्या दुकानातला पोरगा वाचून दाखवतो. मी येणारच नव्हतो, पण इतक्या दिवसांनी कुणी बोलावलं तर नाही म्हणवेना. वाटलं होतं, साचे हातात घेऊन वेळ मारून नेईन. सकाळी साचे चाचपले, टाच कळली, पण एक टाच म्हणजे एक अक्षर. ओळ वाचायची तर सगळी वाट दिसायला हवी. त्या फळ्यांवर उभा राहिलो तेव्हा समोर नुसता करडा धूर होता आणि माझी पाचावर धारण बसली होती.

मग भिंगरी आली आणि ओरडली.

आम्हाला आमच्या वडिलांनी ठशावर तोंड उघडू दिलं नाही. तिने तर पाठीत खाल्लेलं आहे. तेव्हापासून ती माग वाचताना दगड होऊन जायची. हीच बाई बोटभर खोल, डावं, उजवं, सगळं पढवल्यासारखं बोलायला लागली, तेव्हा दुसऱ्याच वाक्याला मी समजलो. तिला कळलंय. कसं ते ठाऊक नाही, बहुतेक मी कुठंतरी पाऊल वाकडं टाकलं असणार.

तिने मला सगळ्यांदेखत आंधळा म्हटलं, आणि टिटवे, कित्येक वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

मला कळलंय हे मात्र तिला सांगू नकोस. तिला वाटू दे, की तिने मला फसवलं.

तुझा
मामा

ता. क. तो माणूस मामा नव्हता. मावशीच होती. पैज.

—

१२ एप्रिल

प्रिय मावशी आणि प्रिय मामा,

या वेळी दोघांना एकच पत्र, शब्द न् शब्द सारखं. खात्री नसेल तर दोन्ही शेजारी ठेवून बघा. त्यासाठी तुम्हाला एका खोलीत बसावं लागेल.

एकाचं गुपित दुसऱ्यापासून लपवायचं आणि दुसऱ्याचं पहिल्यापासून, आणि गुपित एकच! मी हमाल नाही. तेव्हा ऐका. मामा, मावशीला माहीत आहे. मावशी, तुला माहीत आहे हे मामाला माहीत आहे. झालं. संपलं. आता दोघांनी हवं तर माझ्यावर ओरडा.

साहेबांची गोष्ट वेगळीच झाली आहे. फोटो काढणाऱ्याचं यंत्र त्या दिवशी चालूच होतं, तुमचं सगळं भांडण त्यात आलंय. साहेबांनी ते ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि काल म्हणाले, "ढोल राहू द्या. दालनात हेच लावू." मुखवटेही रद्द. फलकावर काय लिहायचं यावर आमची अर्धा दिवस खणाखणी झाली. ते 'नृत्य' सोडायला तयार नव्हते, मी 'विधी' ठेवायला तयार नव्हते. शेवटी ठरलं, 'एका मोठ्या माणसाचा आणि एका मुलाचा नाच'. ते माणूस कोण होतं ते लिहिलेलं नाही, कारण ते ठशात नाही. तुम्ही कितीही बोटं दाखवलीत तरी नाही.

उद्घाटनाला दोघंही हवेत. त्याआधी मामाचे डोळे. इथल्या डॉक्टरीणबाईंशी बोलून ठेवलंय. मावशी, मामाला आणायचं काम तुझं. मामा, नाही म्हणायचं असेल तर तिच्या तोंडावर म्हण.

तुमची
टिटवी

—

२६ मे

चि. टिटवी,

आधी ओळी बघ. रुळांसारख्या सरळ आहेत की नाही? डॉक्टरीणबाईंनी अजून फार लिहू नका म्हणून सांगितलंय, पण भिंगरी दुकानात गेली आहे, तेवढ्यात लिहून घेतो.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती माझ्या जिन्यावर हजर झाली. आधी खाली सायकलवाल्याला जाऊन सांगितलं, "मी वरच्यांची बहीण. दुपारी ठोकाठोक बंद." आणि ती बंद झाली! मी इतकी वर्षं विनवतोय त्याला. वर येऊन दारात उभी राहिली. मी म्हटलं, "कोण?" ती म्हणाली, "खेचर." आणि सरळ आत शिरली. नंतर तिने विचारलं, भांडी कुठं आहेत.

ऑपरेशनआधी तिने माझे हाल केले, नंतर तर विचारू नकोस. थेंब घालताना मी डोळा मिटला की ओरडते, नाही मिटला की म्हणते नाटकं करतोस. खेचराचा विषय रोज निघतो. तिने आता नवीनच काढलंय, की दोर बांधलेला होता पण ओढत कुणी नव्हतं. म्हणजे आम्ही दोघंही बरोबर. मी मानलेलं नाही.

खरं सांगायचं होतं ते पट्टी सोडली त्या सकाळचं. मी खुर्चीत. बाईंनी कापूस काढला, खिडकीचा पडदा हळूच सरकवला आणि म्हणाल्या, "घाई करू नका, आधी समोर बघा." समोर भिंगरी उभी होती.

टिटवे, इतक्या वर्षांनी मी तिचा आवाज ऐकला तो गुहेत, पण माझ्या मनात ती अजून खेचराच्या भांडणाच्या दिवसाचीच होती. काळ्याभोर केसांची, कमरेत पदर खोचलेली, भांडायला पुढे सरसावलेली. आणि समोर एक म्हातारी बाई होती. केस पांढरे, खांदे उतरलेले, हुबेहूब आमची आई. ती माझ्याकडे अशी बघत होती की मला बघवेना.

"दिसतंय का?" तिने विचारलं.

"दिसतंय."

"मी कशी दिसते?"

मी म्हटलं, "होतीस तशीच आहेस."

तिने पदराने नाक पुसलं. मग डॉक्टरीणबाईंकडे वळून म्हणाली,

"बाई, ऑपरेशन फसलंय. पुन्हा करा."

तुझा
मामा